निवृत्त न्यायमूर्ती आणि सरकारी पदं: दोन वर्षांची अट पुरेल का?

कोर्टनाका

न्या. अब्दुल नझीर ४ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झाले. १२ फेब्रुवारीला आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं. मध्ये ३९ दिवस. सरन्यायाधीश रंजन गोगोई नोव्हेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राज्यसभेचे नियुक्त खासदार झाले. सरकारं बदलली तरी प्रथा तीच. न्या. बहरूल इस्लाम यांनी जानेवारी १९८३ मध्ये निवृत्तीला काही आठवडे उरले असताना राजीनामा दिला आणि त्याच वर्षी ते काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले.

यातल्या कुणी पदासाठी निकाल फिरवला असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि असा पुरावा सहसा मिळतही नाही. म्हणूनच शंकेला जागा राहू नये अशी व्यवस्था हवी. सरकारविरुद्ध खटला हरलेल्या माणसाने निकालपत्र हातात धरून आधी न्यायमूर्तींची निवृत्तीची तारीख बघावी, ही वेळ त्याच्यावर येता कामा नये.

संविधानाने महालेखापरीक्षकांना (कलम १४८) आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षांना (कलम ३१९) पुढे सरकारी पद बंद केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना कलम १२४(७) फक्त वकिलीची मनाई करतं. माझी मागणी साधी आहे: निवृत्तीनंतर दोन वर्षं कोणतंही सरकारी पद नाही, आणि हे कायद्यात लिहिलेलं असावं.

अपिलार्थी

राज्यपालपद आणि न्यायाधिकरण (ठरावीक विषयांचे वाद ऐकणारं न्यायालयासारखं पीठ) एकाच मापाने मोजू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, कंपनी कायद्याचं अपील न्यायाधिकरण, मानवाधिकार आयोग, इथे कोण अध्यक्ष होऊ शकतो हे संसदेच्या कायद्यातच लिहिलं आहे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या १०० निवृत्त न्यायमूर्तींचा हिशेब मांडला, त्यात ७० जणांनी पुढे पद घेतलं होतं. पण त्यातली निम्म्याहून अधिक पदं कायद्यानेच न्यायमूर्तींसाठी राखलेली.

आता तुमच्या दोन वर्षांचं गणित करू. निवृत्ती ६५ व्या वर्षी, अध्यक्षपदाची कमाल वयोमर्यादा ७०. म्हणजे हातात पाच वर्षं. दोन गेली, उरली तीन. विषय समजून घ्यायला, रखडलेली यादी आटोक्यात आणायला सहज वर्ष जातं. मग नवीन अध्यक्षाचा शोध, पुन्हा रिकामी खुर्ची. कंपनी न्यायाधिकरणांत चालणाऱ्या दिवाळखोरी संहितेच्या एका प्रकरणाला ३३० दिवसांची मर्यादा आहे, आणि बिल्डर बुडाला की फ्लॅटचे पैसे अडकलेली कुटुंबं त्याच रांगेत धनको म्हणून उभी असतात. पीठच बसलं नाही तर त्यांनी कुठे जायचं?

कोर्टनाका

तुमचं गणित बरोबर, पण गृहीतक तपासा. कंपनी अपील न्यायाधिकरणाचा अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचाच असला पाहिजे असं नाही, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही चालतात. ते ६२ ला निवृत्त होतात. दोन वर्षं थांबले तरी ७० पर्यंत सहा वर्षं मिळतात.

मीरा_पेठ

घटना समितीत हा वाद होऊन गेलाय. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी न्यायमूर्तींना पुढे सरकारी पद नको अशी दुरुस्ती सुचवली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. त्यांचा मुद्दा असा होता की न्यायालयं मुख्यतः नागरिक विरुद्ध नागरिक असे वाद सोडवतात, सरकारचा त्यात संबंध क्वचित येतो, त्यामुळे आमिषाची भीतीही थोडी. १९४९ साली ते पटण्यासारखं होतं. आज करांपासून भूसंपादनापर्यंत आणि जामिनापासून निवडणूक कायद्यापर्यंत समोरचा पक्ष सरकारच असतं. ज्या आधारावर ती दुरुस्ती नाकारली, तो आधारच उरलेला नाही.

आणि हा धोका लवकरच ओळखलाही गेला होता. सेटलवाड यांच्या विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात शिफारस केली की सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी निवृत्तीनंतर सरकारी नोकरी घेऊ नये. आयोगाचे एक सदस्य होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला. अहवालावर सही करून त्याच वर्षी ते अमेरिकेत राजदूत म्हणून गेले. छागलांची न्यायबुद्धी वादातीत होती, म्हणून तर मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं. प्रश्न माणसाच्या सचोटीचा नाहीच. नियम नसला की सचोटीच्या माणसाकडेही बोट दाखवता येतं.

घटनेचं_पान

दोन वर्षं की पाच, यात मला फारसा रस नाही. पद देणारा हात कुणाचा ते बघा. थांबायचा काळ संपल्यावरही पद त्याच मंत्रालयाकडून मिळणार असेल, तर आशा दोन वर्षं लांबली एवढंच.

२०२१ चा न्यायाधिकरण सुधारणा कायदा उघडून बघा. शोध व निवड समितीवर सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती अध्यक्ष, त्यांना निर्णायक मत. वरवर ठीक. पण समितीने प्रत्येक जागेसाठी दोन नावं द्यायची आणि त्यातलं एक सरकारने उचलायचं. समितीचं सगळं काम या एका ओळीने सैल होतं. त्याआधी २०२० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं: एका जागेला एकच नाव, दुसरं फक्त प्रतीक्षा यादीत. तरीही कायद्यात दोन नावं आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश गवई यांच्या खंडपीठाने त्या कायद्यातल्या अशा तरतुदी रद्द केल्या आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग स्थापन करायला सांगितलं. खरी दुरुस्ती तिथे आहे: एक नाव, ठरलेली मुदत, आणि नाव नाकारलं तर लेखी कारण.

अपिलार्थी

याच्याशी मी पूर्ण सहमत. आता राज्यात या. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात न्या. गायकवाड, न्या. शुक्रे, न्या. संदीप शिंदे असे उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आयोग-समित्यांवर आले. अशा नेमणुकांना सरन्यायाधीशांची समिती वगैरे काही नाही, राज्य सरकारच नाव ठरवतं. त्यांनी काम करू नये असं मी अजिबात म्हणणार नाही. साक्षी घेणं, नोंदी तपासणं, पुराव्याची चाळणी लावणं हे त्यांच्याइतकं कोण करेल? आणि अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती होते म्हणून अहवालाला न्यायालयात सूट मिळत नाही. गायकवाड अहवाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ग्राह्य धरला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आधारलेलं आरक्षण रद्द केलं.

मीरा_पेठ

मग राज्यातही निवड समिती आणा, मुख्य न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली. शिवाय पैशाचा मुद्दा कुणी काढलाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन अडीच लाख, मूळ पेन्शन वर्षाला १५ लाख, म्हणजे महिन्याला सव्वा लाख. सरकारी घर सोडावं लागतं आणि स्वतः वकील म्हणून उभं राहायलाही मनाई. पूर्ण वेतनाइतकी पेन्शन द्या आणि त्या बदल्यात राज्यपालपद, राज्यसभा, राजदूतपद कायमचं बंद करा. मंजूर संख्या ३४ आहे, तिजोरीला हा भार जाणवणारही नाही.

कोर्टनाका

हे मला मान्य. माझी मागणी बदलतो: राजकीय पदांना कायमची बंदी, न्यायाधिकरणांना निवड समितीचं एकच नाव. सरन्यायाधीश गवईंनी निवृत्तीनंतर कोणतंही सरकारी पद घेणार नाही असं आधीच जाहीर केलं, त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तो शब्द त्यांच्यापुरता. बॉम्बे लॉयर्स असोसिएशनने दोन वर्षांच्या अटीसाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये फेटाळली. आता रस्ता संसदेतूनच.

घटनेचं_पान

आणि मसुदा नव्याने शोधायची गरज नाही. लोकपाल कायद्याचं कलम ९ वाचा: पद सोडल्यावर सरकारी नोकरी नाही, राजदूतपद नाही, पाच वर्षं निवडणूक नाही. मानवाधिकार आयोगाच्या अध्यक्षांनाही पुढे सरकारी नोकरी बंद आहे. म्हणजे न्यायमूर्ती तिथे बसले की संसद त्यांना पुढचं दार लावते, पण न्यायालयातून निघतानाचं दार उघडं ठेवते. कलम ९ ची तीच भाषा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या वेतन व सेवाशर्तींच्या १९५८ च्या कायद्यात घाला, उच्च न्यायालयांसाठी १९५४ च्या.