पासिंग आणि बॉल कंट्रोलसाठी मजेशीर गेम सुचवा, मुलं कंटाळतायत

नवा_कोच
नमस्कार मंडळी. ९-१० वर्षांची १२ मुलंमुली आहेत, आठवड्यातून दोनदा एकेक तास फुटबॉल घेतो. स्वतः बरीच वर्षं खेळलोय, पण शिकवणं हे वेगळंच प्रकरण निघालं. समोरासमोर दोन रांगा लावून पासिंग करायला लावलं की पाचच मिनिटांत अर्धी पोरं गवत उपटत बसतात, एखादा बॉलवर बसून राहतो, आणि "सर मॅच कधी?" हे तर चालूच. बरं मॅच सुरू केली की रांगेत शिकलेलं सगळं गायब, बारा जणं बॉलभोवती घोळका करतात आणि जो पोचेल तो जिवाच्या आकांताने लाथ मारतो. पास नाही की बॉल थांबवणं नाही. असा एखादा गेम सांगा ज्यात त्यांना खेळल्यासारखं वाटेल पण पासिंग आणि कंट्रोलची प्रॅक्टिस पण होईल. सामान म्हणजे कोन भरपूर आहेत, बॉल ८.

डावखुरा१०
गेटचा गेम घ्या, डोळे झाकून. साधारण २० बाय २० मीटरचा चौकोन आखा आणि आत कसेही विखरून ८-९ गेट लावा, गेट म्हणजे दोन कोन, मध्ये एक-दीड मीटर जागा. सहा जोड्या करा, प्रत्येक जोडीला एक बॉल. जोडीदाराला गेटमधून पास द्यायचा, त्याने पलीकडे बॉल थांबवला तरच १ पॉइंट, मग दोघांनी पळत दुसरं गेट गाठायचं. एक मिनिटाचा डाव, कोणाचे पॉइंट जास्त?

गेट जोड्यांपेक्षा जास्तच ठेवा, म्हणजे नंबर लावून कोणी उभं राहत नाही. आणि खरी गंमत अशी की रिकामं गेट शोधायचं म्हणजे मान वर करावीच लागते, आपण "वर बघ, वर बघ" ओरडून घसा बसवतो ते इथे आपोआप होतं. दोन-तीन डाव झाले की नियम बदला, फक्त डाव्या पायाने पास, किंवा एका पायाने थांबवायचा आणि दुसऱ्याने द्यायचा. शेवटी एका जोडीचा बॉल काढून घ्या आणि त्या दोघांना चोर करा, ते पळत जाऊन गेट अडवणार. आरडाओरडा होतो, होऊ द्या.

मधल्या_फळीतला
गेट चांगलंच आहे पण त्यात बॉल हिसकावायला कोणी येत नाही, म्हणून मी म्हणेन रोंडो. बाकीचे रिंगण करून उभे, ज्याच्यावर राज्य तो मध्ये, बाहेरचे त्याला चुकवून पास करत राहणार. क्रॉयफ १९८८ ते १९९६ बार्सिलोनाचा कोच होता तेव्हापासून हा तिथल्या प्रॅक्टिसचा जीव की प्राण आहे, तिथली ज्युनियर पोरंही हेच खेळत मोठी झाली. तुमच्याकडे १२ आहेत म्हणजे सहा-सहाचे दोन गट, बाहेर ५ आणि मध्ये १, ८ ते १० मीटरची जागा. जमायला लागलं की मध्ये २. ज्याचा पास चुकला त्याच्यावर राज्य.

बेंचवरचा_खेळाडू
@मधल्या_फळीतला रोंडोला माझा विरोध नाही, पण "चुकला त्याच्यावर राज्य" हा नियम या वयात नको हो. होतं काय, ज्या पोराचा टच कच्चा आहे तोच सारखा मध्ये, म्हणजे ज्याला पास करायची प्रॅक्टिस सगळ्यात जास्त पाहिजे तोच नुसता पळत राहतो आणि दोन दिवसांनी यायचा बंद होतो. त्यापेक्षा वेळ लावा, प्रत्येकाने ४५ सेकंद मध्ये, तेवढ्यात किती वेळा बॉल अडवला ते मोजायचं. मग मध्ये जायला भांडणं होतात.

"आऊट झाला तो बाहेर" वाल्या सगळ्या गेमचं हेच दुखणं. एक गेम आहे, चौकोनात प्रत्येकाकडे बॉल, आपला सांभाळत दुसऱ्याचा लाथेने बाहेर घालवायचा, पायात बॉल ठेवायला याच्यासारखा गेम नाही. (बॉल ८ आहेत म्हणजे चार जणं बिनबॉलची, त्यांना शिकारी करा.) बाहेर गेलेल्याला बसवू नका, बॉलवर तळव्याने १० टॅप करायचे आणि परत आत यायचं.

आणि एक विचारायचं राहिलं, बॉल कुठल्या साइजचा आहे? या वयाला ४ नंबर पाहिजे, ५ नंबर मोठ्यांचा. हवा पण ठणठणीत भरू नका, आधीच पोरांचा पाय भिंतीसारखा कडक, त्यात बॉल तसला, मग तो पायाला लागून तीन मीटर उडणारच. थांबवताना पायाची आतली बाजू बॉलला लागते त्या क्षणी पाय किंचित मागे घ्यायचा, एवढी एकच गोष्ट सांगा. पास देताना उलट, घोटा घट्ट. दोन्ही एकाच दिवशी सांगितलं तर पोरं गोंधळतात.

नवा_कोच
सगळ्यांचे आभार! आज गेटचा गेम घेतला, एकदाही "मॅच कधी" ऐकू आलं नाही. बॉल तपासले, निम्मे ५ नंबरचे निघाले, ते बदलतो. पण एका जोडीने भारी डोकं लावलं, दोन गेट अगदी जवळजवळ होती, तर त्या दोघी तिथेच या गेटमधून त्या गेटमधून करत राहिल्या आणि सगळ्यांच्या दुप्पट पॉइंट काढले. बाकीचे चिडले, "सर ही चीटिंग आहे". काय करायचं अशा वेळी?

डावखुरा१०
हाहा, चीटिंग कसली, त्यांना जागा दिसली! आधी सगळ्यांसमोर शाबासकी द्या. पुढच्या डावाला नियम टाका की तीन वेगळी गेट झाल्याशिवाय पहिल्यावर परत यायचं नाही. नियम पोरांनाच सुचवायला सांगितला तर अजून बरं, मग तेच एकमेकांवर नजर ठेवतात.

मधल्या_फळीतला
४५ सेकंदवालं पटलं, मी पण तसंच करून बघतो. आता त्या घोळक्याचं. सहा-सहाची मॅचच खेळवू नका, तीन-तीनच्या दोन मॅच बाजूबाजूला लावा आणि प्रत्येक टीमला दोन गोल द्या, मैदानाच्या दोन कोपऱ्यांकडे, गोलकीपर नाही. होर्स्ट वाइन नावाच्या जर्मन कोचने हा प्रकार बसवलाय, फुनिन्यो म्हणतात, आणि जर्मनीत २०२४-२५ च्या सीझनपासून सगळ्यात लहान गटांच्या मॅच अशाच छोट्या टीम आणि चार गोल लावून होतात. एका गोलसमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा, म्हणजे पोरांना वळून पास द्यायचं कारण मिळतं. लांबून ठोकायला बंदी, गोलपासून ६ मीटरच्या आत आल्यावरच शॉट मोजायचा.

नवा_कोच
छोटे गोलपोस्ट नाहीत माझ्याकडे, कोन चालतील?

मधल्या_फळीतला
चालतील की, दोन मीटरच्या आसपास ठेवा. फक्त कोनच्या उंचीच्या वरून गेलेला बॉल गोल नाही हे आधीच सांगून टाका, नाहीतर अख्खा तास त्याच वादात जाईल.