ओव्हरक्लॉक पीसीत रॅम वाढवायचीय, आहे तेच किट अजून एक घेऊ की नवीन?

कोरकरी
मंडळी, रायझन ५ ५६००एक्स आहे, सगळे कोर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीच्या सेटिंगच्या वर, ४.६ गिगाहर्ट्झला फिक्स केलेत, रॅम ८ च्या दोन स्टिक, डीडीआर४, स्पीड ३२००, सीएल१६ (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती क्लॉक घेते तो आकडा). व्हिडिओ एडिटिंगला १६ जीबी पुरतच नाही, टाइमलाइन जरा मोठी झाली की सगळं अडकतं. आता आहे तेच किट अजून एक घेऊन चारही स्लॉट भरू, की हे काढून १६ च्या दोन स्टिकचं ३६०० चं किट टाकू? ३६०० मधे सीएल१६ आणि सीएल१८ दोन्ही दिसतात, खरंच फरक पडतो का? आणि टेस्ट कशी करायची तेही सांगा, सीपीयू आधीच ओव्हरक्लॉक आहे, मधेच हँग झालं तर दोष कोणाचा हे कळणार कसं?

बायोसवाला
१६ च्या दोन घे. बॉक्सवर मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप दुसऱ्याच निघू शकतात, आणि एक्सएमपीची (रॅमवर कंपनीनेच भरून दिलेली जास्त स्पीडची सेटिंग) हमी एका किटपुरतीच असते, दोन किट एकत्र केल्यावर कंपनी काही बोलत नाही. शिवाय चार स्टिकचा लोड मेमरी कंट्रोलरवर येतो, एएमडीचेच आकडे बघ ना, दोन स्टिकला ३२००, चार सिंगल रँकला (स्टिकवर चिपचा एकच गट) २९३३ आणि चार ड्युअल रँकला (दोन गट) २६६७. त्याच्या वर चालतात पुष्कळांच्या, पण मग टायमिंगशी झटापट करत बसावं लागतं. ३६०० ला इन्फिनिटी फॅब्रिक (सीपीयूच्या आत डेटा नेणारं जाळं) १८०० वर, रॅमच्या क्लॉकशी एकास एक चालतं, तुझ्या सीपीयूला तेच बरं. ४००० च्या मागे लागू नको.

नॅनोसेकंद
सीएल गुणिले २०००, भागिले स्पीड, एवढं केलं की लेटन्सी नॅनोसेकंदात कळते. तुझी आत्ताची १०, ३६०० सीएल१८ पण १०च, सीएल१६ असेल तर ८.९ च्या आसपास. एडिटिंगला मुळात जीबी हवेत, त्यामुळे सीएल१८ घेतलीस तरी काही बिघडत नाही. गेमिंग जास्त असेल तर सीएल१६ बघ.

रात्रभर_टेस्ट
टेस्टचं सांगतो, आणि प्लीज हे टाळू नकोस, कारण रॅम कच्ची असली तरी विंडोज व्यवस्थित चालू होतं आणि फायली गुपचूप खराब होत राहतात, तुझे प्रोजेक्ट त्यातच असणार.

आधी सीपीयू स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर आण, म्हणजे संशय एकावरच राहील. स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे, सीपीयूकडून मोजून. एक्सएमपी ऑन न करताच पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासायच्या प्रोग्रॅमचे पूर्ण पास होऊ दे, इथेच एरर आली तर एकेक स्टिक वेगवेगळ्या स्लॉटमधे लावून बघ, एरर स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब, सरळ बदलून घे, एकाच स्लॉटला चिकटली तर स्लॉट किंवा सीपीयूची बसणी बघ. हे पास झालं की एक्सएमपी ऑन, परत तेच, मग विंडोजमधे टेस्टमेम५ हा दुसरा रॅम-टेस्ट प्रोग्रॅम, एक्स्ट्रीम कॉन्फिगने. एकही एरर चालत नाही, एक आली तरी फेल समज. शेवटी सीपीयूचा ओव्हरक्लॉक परत लाव आणि प्राइम९५ ब्लेंड (सीपीयू आणि रॅम दोन्हींवर ताण देणारी टेस्ट) रात्रभर, आता काही पडलं तर रॅम एकटी पास झालेलीच आहे, म्हणजे आधी सीपीयूच्या सेटिंगकडे बघायचं.

अजून एक, कॅबिनेट बंद ठेवून टेस्ट कर, ग्राफिक्स कार्डची गरम हवा रॅमवर जाते, आणि काही चिप तापल्या की मगच एरर देतात.

कोरकरी
भारी, १६ च्या दोनच घेतो, सीएल१८. एक्सएमपीवर एरर आली तर व्होल्टेज वाढवू का?

बायोसवाला
आधी ३४६६ ला पास होतं का बघ. मग १.३५ वरून १.३८ पर्यंत चालेल. इव्हेंट व्ह्यूअरमधे व्हिया लॉगर १९ (WHEA-Logger, विंडोजची हार्डवेअर एररची नोंद) दिसायला लागलं तर मात्र रॅमला हात लावू नको, ते बहुतेक फॅब्रिकचं असतं, एसओसी व्होल्टेज (सीपीयूच्या आतल्या मेमरी कंट्रोलर आणि फॅब्रिकचं) १.१ आहे का ते तपास.