पिल्लू फिरताना चावतं, उड्या मारतं, काय करू?

रत्नागिरीकर: आमचं गावठी कुत्र्याचं पिल्लू साडेचार महिन्यांचं आहे, संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर नेतो तर पहिली दहा मिनिटं एकदम शहाणं आणि मग अंगात आल्यासारखं उलटं फिरून पँटला लोंबकळतं, पोटरीला दात लावतं, समोरून कोणी आलं की अंगावर उडी. काल एका आजींची बांगड्यांची पिशवी फाडली, बांगडे सगळे वाळूत. ओरडलं की जास्तच चेकाळतं.

मालवणवाला: ओरडू नका हो, त्याला वाटतं तुम्हीपण खेळताय. या वयात दुधाचे दात पडत असतात, हिरड्या शिवशिवतात. दात लावले की झाडासारखं गप उभं राहायचं, हात छातीशी, बघायचंसुद्धा नाही, चारी पाय जमिनीवर आले की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. सुकट नको, खारट असते.

गुहागरची: दहा मिनिटांनी बिघडतं म्हणजे दमतंय ते! पिल्लं दिवसाला 18-20 तास झोपतात. चक्कर छोटी करा, तोंडात धरायला दोरीची गाठ न्या. आणि दात लागून ओरखडा जरी आला तरी साबणाने 15 मिनिटं धुवून डॉक्टरांना दाखवा. त्याची रेबीजची लस झाली ना?

रत्नागिरीकर: लस झालीय. आज झाड झालो, तिसऱ्यांदा स्वतःहून खाली बसला! पण घरी त्याने उडी मारली की बाबा उचलून लाड करतात, त्यांना कोण शिकवणार?

मालवणवाला: चिकन त्यांच्याच हातात द्या 😄