मदत हवी आहे: एपीएलमध्ये रक्त गोठण्याचे रिपोर्ट कधी सुधारतात?

मंडळी, आम्ही मालवणचे, माझ्या आतेभावाला एपीएल म्हणजे अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) निघालाय, मुंबईला अ‍ॅडमिट केलाय. डॉक्टर म्हणाले ह्या कॅन्सरच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर (रक्त गोठायला सुरुवात करून देणारं प्रोटीन) असतो, त्याने रक्तात जागोजागी बारीक गुठळ्या होतात, त्यातच प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (गुठळी बनायला लागणारं प्रोटीन) संपतं, वर ह्याच पेशींवरच्या अ‍ॅनेक्झिन टू ह्या प्रोटीनमुळे गुठळ्या विरघळायचं कामही जोरात चालतं, म्हणून हिरड्यांतून रक्त येतंय. एवढं समजलं. पण अट्राच्या (एपीएलवरचं औषध) कॅप्सूल लगेच सुरू केल्यात, तर आता रिपोर्ट किती दिवसांत सुधारतात, आणि तोवर प्लेटलेट, क्रायो (रक्तातून काढलेला फायब्रिनोजेनवाला भाग) रोज लागतं का? कोणाच्या घरात झालं असेल तर प्लीज सांगा. नंतर फॉलोअपला सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कोणी हेमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) येतात का? आत्या इकडे एकटीच आहे, सारखी विचारते, तिला नीट काहीतरी सांगायचंय.