सरकार, विद्यापीठ, कारखाने: आधी भरवसा की आधी करार?

बॉयलरबाबा: हरित तंत्रज्ञानासाठी ही मंडळी एकत्र आली की पहिले कित्येक महिने ‘विश्वासाचं वातावरण’ तयार करण्यात जातात. माझं मत उलटं. आधी वाफेच्या पाइपला मीटर बसवा, दर ठरवा, पुरवठा तुटला तर भरपाई कोणाकडून ते लिहून घ्या. डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग गाव बघा, तिथे एका कारखान्याचं उरलंसुरलं दुसरा वापरतो. वीजकेंद्राची वाफ औषधकंपनीला, धुरातलं गंधक पकडताना तयार होणारं जिप्सम प्लास्टरबोर्डच्या (भिंती-छताला लावायच्या जिप्समच्या फळ्यांच्या) कारखान्याला. बहुतेक देवाणघेवाण म्हणजे दोघांमधला रोकडा व्यवहार.

निळी शाई: असहमत. अर्धीच गोष्ट सांगितलीत. तिथे रिफायनरीचा वायू प्लास्टरबोर्डवाल्यांकडे गेला १९७२ मध्ये, जिप्सम आलं १९९३ मध्ये. मधल्या काळात गावातले व्यवस्थापक एकमेकांना चांगले ओळखत होते. आमच्या सांडपाण्यात काय काय आहे, हे शेजाऱ्याला करार व्हायच्या आधीच सांगावं लागतं. आणि त्यावरून जाणकाराला आतली प्रक्रिया कळते.

बॉयलरबाबा: त्यासाठी गोपनीयतेचा करार असतो की राव.

निळी शाई: असतो ना. मग कंपनीच्या वकिलाची सही येईपर्यंत विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी आपला शोधनिबंध न छापता उराशी धरून बसतो.

तिसरी घंटा: बाबांना अर्धा गुण. पर्यावरणाला उपयोगी पेटंट सगळ्यांना वापरायला खुली करणारा ‘इको-पेटंट कॉमन्स’ हा उपक्रम २००८ मध्ये आयबीएम, नोकिया, सोनी वगैरेंनी सुरू केला, २०१६ मध्ये गुंडाळला. कोणतं पेटंट कोण वापरतंय याची नोंदच नव्हती. चांगुलपणा भरपूर, हिशेब शून्य. याउलट स्वीडनचा हायब्रिट प्रकल्प. खाण, पोलाद आणि वीज अशा तीन कंपन्या २०१६ मध्ये एकत्र आल्या आणि २०२१ मध्ये कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून केलेलं पोलाद व्होल्वोला पोचलं. तिघींचा पैसा अडकलेला होता.

निळी शाई: त्यातल्या खाण आणि वीज या दोन्ही कंपन्या स्वीडिश सरकारच्याच मालकीच्या! घरातल्या घरात भरवशाचं काय कौतुक?

बॉयलरबाबा: हा मुद्दा बरोबर. (बाकी सरकार तिथे नुसतं फीत कापायला आलं नाही, हेही खरं.) पण कालुंडबोर्गच्या वीजकेंद्राने पुढे कोळसा सोडून लाकडाच्या चिपा जाळायला घेतल्या. कोळशाचं गंधक गेलं की जिप्समही गेलं. प्लास्टरबोर्डवाल्याला किती आधी सांगायचं, हे दोस्तीत कोण लिहून ठेवतं?