निळे छाप, दोन मैत्रिणी आणि ‘स्त्रीसुलभ’ हा शब्द

रानवेडी: अ‍ॅना अ‍ॅटकिन्स आणि अ‍ॅन डिक्सन या इंग्लिश मैत्रिणींच्या फर्नच्या निळ्या छापांवर कोणीही लिहिलं की ‘निसर्गाकडे बघायची स्त्रीसुलभ नजर’ हे येतंच. मला अजिबात पटत नाही. कॅमेरा नाहीच यात, रसायन लावलेल्या कागदावर फर्न ठेवायचा, वर काच दाबायची, उन्हात धरायचं, पाण्यात धुवायचं की निळ्यावर पांढरी आकृती उमटते. जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने ही रीत १८४२ मध्ये शोधली आणि १८४३ पासून अ‍ॅनाने समुद्री शेवाळांचं पुस्तक असं छापायला घेतलं, एकेक नमुना नीट ओळखून, लॅटिन नावासकट. हे वनस्पतीशास्त्र आहे, नाजूकपणा कसला त्यात?

शाईबोट: मी स्वतः सायनोटाइप, म्हणजे हेच निळे छाप, करते म्हणून सांगते, शास्त्र आहे हे मान्य. जाड देठ काचेखाली दबत नाही, कड धूसर येते, पातळ पान असलं तर ऊन आरपार जाऊन शिरा दिसतात, हे सगळं त्यांनी हाताने शिकलेलं. पण अगं, ‘बाई’ म्हटलं की कामाची किंमत उतरते असं आपणच का धरून चालायचं? १८५२ मध्ये अ‍ॅनाचे वडील गेले, आई तर ती तान्ही असतानाच गेलेली, तेव्हा बहिणीसारखी असलेली ही अ‍ॅन तिच्याकडे राहायला आली आणि दोघी छाप काढत बसल्या. नंतरच्या कामात पिसं आहेत, लेस आहे. लेस कुठल्या वनस्पतीशास्त्रात बसते?

रानवेडी: लेसचं खरंय. पण किंमत उतरतेच गं. अ‍ॅना नावाच्या जागी नुसतं ‘ए. ए.’ लिहायची, तर पुढे एका संग्राहकाने त्याचा अर्थ ‘अ‍ॅनॉनिमस अ‍ॅमॅच्युअर’ लावला, म्हणजे कोणीतरी अनामिक हौशी! ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांच्या रॉयल सोसायटीने बायकांना फेलो, म्हणजे सदस्य केलं ते थेट १९४५ मध्ये.

कोकणकडा: मध्येच बोलतो. आमच्याकडे कोकणात, गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात. माती आणि बाई एकच म्हटलं तरी तिथे नाजूक काही नसतं, लोक वचकून असतात. शब्द चुकीचा नाही, त्यात भरलेला अर्थ चुकीचा आहे.

शाईबोट: हेच म्हणायचंय मला. त्या दोघींच्या अल्बममधला कुठला छाप कोणाचा हे आज नक्की सांगता येत नाही. एकीने कागद धरला, दुसरीने काच ठेवली असेल, मला त्यातलं बाईपण तिथे दिसतं.

रानवेडी: मग हे बघ, २०१८ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने मोठं प्रदर्शन केलं, शीर्षकात नाव एकट्या अ‍ॅटकिन्सचं. तुझं बाईपण मान्य करते, आधी डिक्सनचं नाव पाटीवर येऊ दे.