आजीचे चांदीचे रुपये: विकण्याआधी घासायचे की तसेच ठेवायचे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आईच्या कपाटात आजीचा पितळी डबा आहे, त्यात चांदीचे 23 रुपये. दर लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पुसून परत डब्यात. आता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. तीच म्हणाली, "वीक, पण मोडीत घालू नकोस."

तीन राणीछाप 1862 चे, तेरा पंचम जॉर्जचे (1917 ते 1919), एक 1911 चा आणि सहा 1944-45 चे. गावातल्या सराफानं सगळे एकदम काट्यावर टाकले आणि एकच भाव सांगितला. शेवटच्या सहांत चांदी निम्मी, आधीच्यांत जवळपास 92 टक्के, हे बघितलंही नाही. वर म्हणाला, चिंच लावून चकचकीत करा, गिऱ्हाईक जास्त देईल.

घरी येऊन 1918 चा एक दंतमंजनानं घासला. चकाकतोय खरा, पण उजेडात तिरपा धरला की राजाच्या गालावर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. कडेची निळसर-जांभळी झाक गेली ती गेलीच. फार वाईट वाटलं, तिथेच थांबले.

1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ते नाणं मागे घेतलं होतं, एवढं ठाऊक आहे. आमच्या नाण्यावर नेमकं तिथेच कुंकू साचलंय. तेवढंच काढू का? आणि ग्रेडिंगला (नाण्याची अवस्था तपासून अंक देतात तिथे) कुठले पाठवावेत?

प्रतिसाद:
ताई, आता एकालाही हात लावू नका. तो काळपटपणा म्हणजे चांदीवर हवेतल्या गंधकाचा थर. संग्राहकाला तोच हवा असतो. घासलेलं नाणं ग्रेडिंगवाले ओळखतात, अंक न देता 'साफ केलेलं' असा शेरा मारतात.

हत्ती बघायला कुंकू काढायची गरज नाही. मागच्या बाजूला 1911 आहे म्हणजे तोच रुपया. सोंड 1912 पासून सुधारली. मात्र नकली निघतात, म्हणून आधी वजन करा: 11.66 ग्रॅम, आपला जुना तोळा. कुंकू खुपतच असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासभर बुडवा आणि टिपकागदानं टिपा. कापूसही फिरवू नका.

ग्रेडिंग फक्त 1911 चं. बाकीच्या झिजलेल्यांचा खर्चही निघणार नाही. आणि कुणी परदेशी पाठवा म्हणालं तर ऐकू नका. शंभर वर्षांवरची नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाहीत.

राणीछाप तिन्हींचे मागच्या बाजूचे फोटो टाका. 1862 नंतरही दहाएक वर्षं तेच साल घालून रुपये पाडत होते, खरं वर्ष तिथल्या बारीक ठिपक्यांवरून कळतं. घासलं की आधी ते ठिपकेच जातात.

धागाकर्ती:
मनापासून आभार. वजन आत्ताच केलं, 11.6 भरलं. फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढून टाकते.